डोंगराकडून आलेला वारा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणातल्या किनाऱ्यावरच्या घराची एक बाजू बांधून काढतात. पश्चिमेची. पडवीला माडाची विणलेली झापं बांधायची, हल्ली निळी ताडपत्री. त्या अंगाच्या खिडक्या लावून टाकायच्या आणि सरपण पूर्वेच्या भिंतीशी रचायचं. पावसाची झड समुद्राकडून येते, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. पिढ्यान्‌पिढ्या घराने पाऊस अंगावर घेतला तो याच बाजूने.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा श्रीवर्धनच्या बाजूला वाऱ्याचा पहिला जोर आला तो डोंगराकडून. आग्नेयेकडून. म्हणजे ज्या अंगाला झाप नाही, ताडपत्री नाही, जिथे सरपण रचून ठेवलंय आणि जिथलं दार येण्याजाण्यासाठी उघडंच असतं, त्या अंगाकडून. त्या दिवशी इतक्या घरांची छपरं का गेली, हे समजून घ्यायचं तर वाऱ्याच्या वेगाआधी त्याची दिशा बघावी, असं मला वाटतं.

चक्रीवादळात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. निसर्गचं केंद्र अलिबागच्या दक्षिणेला, मुरुडच्या आसपास जमिनीवर आलं आणि ईशान्येकडे सरकत गेलं. त्याच्या वाटेच्या उजव्या हाताला श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि त्याखाली मंडणगड-दापोली. उजव्या बाजूच्या गावांत वारा आधी आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा, असा प्रदक्षिणेच्या दिशेने वळत जातो. शिवाय वादळाचा स्वतःचा पुढे सरकण्याचा वेग याच बाजूच्या वाऱ्यात मिळतो, म्हणून ही बाजू जास्त मार खाते. मुंबई डाव्या हाताला राहिली. तिथे वारा उलट वळतो आणि जोरही कमी असतो.

फोन बंद पडल्यावरही उपयोगी पडेल अशी एक जुनी खूण आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. वारा प्रदक्षिणेच्या दिशेने वळत असेल तर आपण उजव्या, म्हणजे वाईट बाजूला आहोत. वाऱ्याची दिशा तीच राहून जोर मात्र वाढत चालला असेल, तर केंद्र सरळ आपल्यावर येतंय. ही खूण वादळ लांब असताना, अंगणात उभं राहता येतं तोवरच बघायची.

निसर्गने वेळही फार दिला नाही. १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला त्याचं चक्रीवादळ झालं आणि बांगलादेशाने सुचवलेलं नाव त्याला मिळालं. ३ तारखेला दुपारी ते किनाऱ्यावर होतं. बंगालच्या उपसागरातल्या वादळांची चाहूल अनेकदा चार-पाच दिवस आधी लागते, ओडिशातल्या माणसांना तयारीची सवयही आहे. इथे त्याआधीचं ठळक आठवणारं वादळ म्हणजे नोव्हेंबर २००९ मधलं फयान. निसर्ग आलं तेव्हा त्यात कोरोनाची टाळेबंदी चालू. गावातल्या शाळांमध्ये मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात, आणि त्याच शाळा आता निवाऱ्याला हव्या होत्या. एक गोष्ट तेवढी बरी होती: पावसाळा तोंडावर असल्यामुळे बऱ्याच होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या.

अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात तो प्राणी हाच. तिथे ताशी ११९ किलोमीटरला हरिकेन सुरू होतं आणि १७८ ला मोठं हरिकेन. आपल्या हवामान खात्याच्या मोजणीत निसर्ग 'तीव्र चक्रीवादळ' होतं, म्हणजे ८९ ते ११७ च्या पट्ट्यातलं. तिकडच्या मापाने जेमतेम हरिकेनच्या उंबरठ्यावर. तेवढ्यात गावंच्या गावं उघडी पडली. म्हणून केवळ वादळाच्या ताकदीकडे बोट दाखवून भागत नाही. घराकडेही बघायला हवं.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी ११० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण ५७ किलो दाब देतो. हा दाब समोरच्या भिंतीला आत ढकलतो, पण उतरत्या छपरावरून जाताना तोच वारा छपराला वर ओढतो. आढ्यापाशी आणि पागोळीच्या कडेला ही ओढ दीडपट ते दुप्पट होते. आता छपराचं वजन बघा. मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं, एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो. पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत पाच-सहा किलो. कौल स्वतःच्या वजनावर बसलेलं असतं आणि पत्रा फक्त हुकांवर, हा हिशेब मांडला की काय उडणार आणि कुठून उडायला सुरुवात होणार ते कागदावरच दिसतं.

एक कौल हातात घेऊन उलटं करा. मागच्या बाजूला, रिपेवर अडकायला एक नाक असतं. त्या नाकाला बारीक भोक असतं. कित्येक घरांत तीन पिढ्या हे भोक कशासाठी आहे याचा कुणी विचार केलेला नसतो. ते तारेसाठी आहे. गंज न लागणारी तार त्यातून ओवून खालच्या रिपेला पिळून बांधायची. सगळं छप्पर बांधायची गरज नाही. पागोळीच्या दोन रांगा, आढ्याखालच्या दोन रांगा आणि दोन्ही कडांची दोन-दोन कौलं बांधली, आणि आढ्यावरची कोन्याची कौलं चुन्या-सिमेंटमध्ये नीट बसवली, तरी पुष्कळ झालं. कारण छप्पर कडेपासून उसवतं. पहिलं कौल निघालं की वारा त्या भोकातून आत शिरतो आणि शेजारची कौलं खालून उचलतो. पुढच्या पाच-दहा मिनिटांत एक अख्खी बाजू मोकळी होते. एक सावधगिरी मात्र घ्यायची: तार वाजवीपेक्षा जास्त पिळली तर नाकच तुटतं आणि मग ते कौल पावसाळ्यातल्या साध्या वाऱ्यालाही टिकत नाही.

कौलं सुट्टी सुट्टी जातात, पत्रा अख्खा जातो. कौल गेल्यावर निदान वासे-रिपा जागेवर राहतात आणि त्यावर ताडपत्री टाकता येते. पत्रा गेला की बहुतेक वेळा त्याला धरलेली पट्टीही सोबत उखडते, आणि उडालेला पत्रा शेजारच्या घरावर कोयत्यासारखा येतो. त्याचं कारण जे-हूक. वरून ओढ लागली की त्याचा वाकडा भाग सरळ होतो आणि हूक निसटतो. त्याऐवजी यू-बोल्ट घालावेत, ते दोन्ही बाजूंनी धरतात. कडेच्या पन्हाळींवर बोल्टांतलं अंतर मधल्यापेक्षा निम्मं ठेवावं. मोठा वायसर घालावा, नाहीतर बोल्ट राहतो जागेवर आणि पत्रा त्यातून फाटून निघतो. सिमेंटचा पत्रा वाकत नाही, फुटतो. वादळाला वर चढून त्याच्यावर दगड ठेवणारी माणसं सगळीकडे दिसतात. दगड पत्र्याला धरत नाही. पत्रा हलला की दगड सुटतो आणि तो कुणाच्या तरी डोक्यात पडतो. त्याऐवजी वाळूच्या पोत्यांची जोडी दोराने बांधून आढ्यावरून दोन्ही अंगांना लोंबती सोडावी.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू हरिकेनने दक्षिण फ्लोरिडातली हजारो घरं जमीनदोस्त केली. नंतर पाहणी झाली तेव्हा पुष्कळ ठिकाणी छप्पर खालच्या सांगाड्याला नीट जखडलेलं नसल्याचं आढळलं. त्यातून तिथले बांधकामाचे नियम बदलले आणि २००२ पासून राज्यभर एकच नियमावली लागू झाली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: छपराला लागलेली ओढ वाशातून भिंतीत, भिंतीतून पायात, कुठेही न तुटता जमिनीपर्यंत पोचली पाहिजे. त्यासाठी तिथे वासा आणि भिंत यांना जस्त चढवलेल्या लोखंडी पट्टीने जखडतात. आपल्याकडे वासा भिंतीवरच्या तुळईवर टेकतो आणि एका खिळ्यावर राहतो. दीड इंच रुंदीची पट्टी वाशावरून घेऊन तुळईच्या दोन्ही बाजूंना खिळे-स्क्रूने बसवणं हे गावच्या सुताराचं एका दिवसाचं काम आहे. नवं छप्पर घालताना एवढी एकच गोष्ट करायची म्हटली, तर मी हीच करेन. आणि तुळईसुद्धा जांभ्याच्या भिंतीत खोलवर रोवलेल्या सळईला बांधलेली हवी, नाहीतर वासे-तुळईसकट सगळा सांगाडा उचलला जातो.

आता दारं. जुन्या घराच्या दाराला आतून अडसर असतो, भिंतीतल्या खोबणीत सरकवायचा जाड लाकडी दांडा. नव्या दरवाजांना चार इंची कडी. वादळात ती कडी स्क्रूंसकट निघते. वाऱ्याच्या अंगाचं दार उघडलं की घर फुग्यासारखं आतून फुगतं, आणि छपराला वरून ओढ आणि खालून ढकल अशी दोन्ही लागते. 'वारा आरपार जाऊ दे, दोन्ही दारं उघडी ठेवा' असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक गावात असतं. त्यांचं ऐकू नये. सगळं बंद ठेवावं, आणि दाराला आतून आडवी फळी, तिला पहार किंवा जाड वाशाचा टेका द्यावा. टेक्याचं खालचं टोक समोरच्या भिंतीला किंवा उंबरठ्याला अडलेलं हवं, गुळगुळीत लादीवर नको, सरकतं. वारा वळत जाणार हे लक्षात ठेवून आधी डोंगराकडची दारं भक्कम करायची, मग समुद्राकडची.

माणसांनी माजघरात बसायचं. चारही बाजूंना खोल्या असलेली ती जागा जुन्या घरात मुळातच सगळ्यात सुरक्षित असते. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीपासून लांब राहायचं, कारण तिला वरून आधार नसतो आणि ती आत पडते. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना जड पलंगाखाली किंवा लाकडी कोठाराच्या आडोशाला बसवायचं. डोक्यावर गोधडी, उशी, काहीही चालेल. पायात चपला असू द्याव्यात, कारण नंतर जमिनीवर कौलांचे तुकडे आणि काचाच असतात. सातबाराचे उतारे, आधार, बँकेचं पुस्तक, रोजच्या गोळ्या आणि माचिस दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, गाठी मारून, स्टीलच्या डब्यात. गोठ्यातली जनावरं दाव्याने बांधून ठेवू नयेत, सोडावीत. गोठा सगळ्यांत आधी पडतो.

केंद्र अगदी डोक्यावरून गेलं तर मध्येच वारा पडतो. पाऊस थांबतो, कधी कधी ऊनही दिसतं. हा वेळ पंधरा-वीस मिनिटांचा असू शकतो. 'गेलं बाई एकदाचं' म्हणून माणसं कौलं गोळा करायला बाहेर पडतात, आणि मग उलट्या दिशेने पुन्हा वारा सुरू होतो. पहिल्या झोताने मुळं सैल झालेली झाडं दुसऱ्या झोताला पडतात, तीही वेगळ्या दिशेला. शांतता आली तरी घरातच राहायचं आणि मिळालेल्या वेळात विरुद्ध बाजूची दारं तपासायची.

वारा दोन-तीन तासांत सरला. कुटुंबाचं वादळ त्यानंतर सुरू झालं. तारीख लक्षात घ्या: ३ जून. म्हणजे आगोट भरून झालेली. वर्षभराचे तांदूळ, डाळी, मिरच्या-मसाला, कोकम-सोलं, पापड, सुकी मासळी, सरपण, पेरणीचं भात, सगळं घरात. पावसाळ्याचे चार महिने बाहेर काही मिळणार नाही या हिशेबाने भरलेलं घर नेमकं छप्पर गेल्यावर भिजलं. ११ जूनला मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला. हातात आठ दिवस होते.

त्या आठ दिवसांत आधी काय वाचवायचं याला क्रम आहे. पहिलं पेरणीचं भात, कारण भिजलेलं भात दोन-तीन दिवसांत मोड काढतं, आणि गेलं तर त्या वर्षाचं पीकच गेलं. ते छपराखाली इंचभर थरात पसरायचं आणि दर तासाला पाय फिरवून उलटायचं. मग तांदूळ. ओलं पोतं कोरड्याला टेकून ठेवू नये. पोत्यात हात घालून आतून ऊब लागली तर ते लगेच रिकामं करायचं. पोतं बाहेरून सुकं दिसतं आणि आतून आंबत असतं. हिरवी-काळी बुरशी आलेलं धान्य धुऊन वापरता येत नाही, उकडूनही नाही. ते टाकावंच लागतं. ज्या बाईने वर्षाची बेगमी स्वतः निवडून, उन्हं देऊन भरली, तिला हे सांगणं फार कठीण असतं. तरी सांगावं.

विहिरीत पानं, झावळ्या, कौलांचे तुकडे, कधी मेलेली कोंबडी. वीज नाही म्हणून पंप नाही, आणि काही गावांत हे महिन्याहून जास्त चाललं. ज्यांनी विहिरीवरचा रहाट काढून टाकला नव्हता त्यांना पाणी मिळालं. आधी कचरा काढायचा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. व्यासाला व्यासाने गुणून त्याला पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणलं, सगळी मापं मीटरमध्ये घेतली, की घनमीटर मिळतात. एका घनमीटरला अडीच ग्रॅम, गढूळ पाणी असेल तर पाच. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर २८ घनमीटर, म्हणजे ७० ते १४० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्यात खोलवर सोडून हिसके देत मिसळायची. तळचा चुना बाहेर टाकायचा. एक तास कुणी पाणी काढायचं नाही. पाकीट उघडं राहिलं असेल तर त्यातला क्लोरिन उडून गेलेला असतो, आणि अशी मेलेली पावडर मूठभर टाकूनही काही होत नाही.

पडलेली झाडं तोडताना माणसं जायबंदी होतात. मुळासकट उपटलेलं आंब्याचं झाड आडवं दिसतं, पण त्याच्या मुळांची भलीमोठी थाळी खोडाच्या वजनाने ताणून धरलेली असते. खोड कापलं की बुंधा धाडकन परत उभा होतो. त्या खड्ड्यात मुलं खेळत असतील तर काय होईल याची कल्पना करवत नाही. शेंड्याकडून तुकडे करत यायचं आणि बुंध्याशी शेवटी जायचं, खड्ड्याकडे कुणालाही न ठेवता. कुठल्याही तारेला हात लावायचा नाही. शेजारच्या जनरेटरने घरातल्या वायरिंगमधून उलटी वीज खांबापर्यंत जाते, त्यामुळे 'गावात लाइट नाही' म्हणजे तार मेलेली आहे असं नाही.

आणि वाडी, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. पोफळीचं (सुपारीचं), माडाचं झाड वाढतं ते शेंड्यातल्या एकाच कोंबातून. आंबा मोडला तर बुंध्यातून फुटतो. पोफळीचा शेंडा मोडला की ते झाड संपलं, खोड हिरवं दिसलं तरी. हे ओळखायला तीन-चार आठवडे लागतात: मधलं कोवळं पान ओढून बघायचं. हातात आलं आणि बुडाशी कुजका वास आला तर ते झाड गेलं. कललेला माड मात्र तोडायची घाई करू नये. अर्धी मुळं जमिनीत असतील तर तो तसाच कललेला राहून शेंडा पुन्हा वर वळवतो.

पडलेल्या माडाची खोडं वाडीत कुजत ठेवली की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढच्या वर्षी वाचलेल्या माडांच्या कोंबात शिरतो. जखमी खोडाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. म्हणून जखमांना डांबर किंवा मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट, आणि खोडं पावसाळ्यानंतर लगेच बाहेर. जुन्या माडाच्या घट्ट खोडाचे वासे होतात, पोफळी चिरून तात्पुरत्या रिपा होतात. वाडीनेच काही घरांवर पुन्हा छप्पर घातलं.

भरपाई सुरुवातीला हेक्टरावर ठरली, बागांना हेक्टरी ५०,००० रुपये. हेक्टरात जवळपास ९९ गुंठे. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. त्या दहा गुंठ्यांत २.७ मीटर अंतराने १४० पोफळी बसतात, खाली जायफळ, वर चढवलेली मिरी, कडेने माड. कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात आणि झाडांवर जगतात, तिला हेक्टराचं माप लावणं अन्यायाचं आहे, हे माझं ठाम मत आहे. त्यात सातबारा सामायिक. वीस नावं, त्यातली बारा मुंबईत, दोन परदेशात, काही वारलेली. ज्याने वाडी शिंपली त्याला संमतीपत्रं गोळा करत फिरावं लागतं. जमेल तेव्हा, वादळाची वाट न बघता, वारस नोंदी करून घ्याव्यात आणि पीकपाहणीत झाडांची संख्या लिहून घ्यावी. वादळानंतर वाट मोकळी करावीच लागते, पंचनाम्यासाठी झाडं तशीच ठेवून चालत नाही. मग प्रत्येक बुंध्यावर चुन्याने आकडा घालायचा आणि आकड्यासकट फोटो काढायचा.

वाचलेल्या पोफळींवर वेगळंच संकट येतं. शेजारची झाडं गेल्याने दुपारचं ऊन पहिल्यांदाच त्यांच्या खोडावर पडतं, आणि नैर्ऋत्य बाजूची साल करपून तडकते. पुढे एखाद्या साध्या वाऱ्याला ते झाड नेमकं तिथे मोडतं. म्हणून उघड्या पडलेल्या खोडांना झावळ्या किंवा विऱ्या (पोफळीच्या पानांचे रुंद देठ) बांधायच्या. सुपारी उतरवणाऱ्या गड्याचंही काम बदललं. दाट वाडीत तो एका पोफळीवर चढायचा, शेंडा झुलवून दुसरी धरायचा आणि तिच्यावर जायचा. अशी कितीतरी झाडं केल्यावरच जमिनीवर उतरायचा. आता झाडाझाडांत फटी आहेत. प्रत्येक झाड चढायचं आणि प्रत्येक उतरायचं.

नवी लागवड त्या फटींतच करायची. बेड्यापासून, म्हणजे रुजत घातलेल्या सुपारीपासून, रोप तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष, मग दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, तळाला पाला आणि शेणखत, पाणी साचू नये म्हणून बाजूने चर. पहिला घड सहा-सात वर्षांनी. श्रीवर्धनी रोठा या इथल्या सुपारीच्या जातीचं बी २०२० च्या हंगामात रुजत घातलं असेल, तर त्याची सुपारी दिसायला २०२८ उजाडेल. तोवर रोपाला सावली हवी. ती केळीची देतात, रोपाच्या नैर्ऋत्येला, हातभर अंतर सोडून, कारण दुपारचं ऊन तिकडून येतं. आणि वादळाचा शेवटचा झोतही तिकडूनच आला होता.